उलटं इंदूर : प्रकल्प नोंदी

२९ जून, रविवार

ठरलं एकदाचं. मंडळाच्या दिवाळी प्रदर्शनात या वेळी मला एक अख्खी भिंत मिळालीये, बारा प्रिंट, विषय प्रतिबिंबं. शहरातली पण आणि शहराबाहेरच्या तलावांची पण. पाऊस लागलाय म्हणजे आता सप्टेंबरपर्यंत रस्त्यावर जागोजागी फुकटचे आरसे, मग पाऊस गेला, पाणी निवळलं की तलाव.

नियम दोनच. खोटं पाणी जोडायचं नाही, हल्ली फोनवर एका बोटात होतं ते आणि लोक खुशाल टाकतात. दुसरं म्हणजे फोटो फिरवून उलटा टांगायचा नाही. मंडळाचे काका, जे प्रदर्शनाचं बघतात, त्यांचं म्हणणं नेमकं उलट, "अगं उलटे लाव की, लोक फसतात, मजा येते!" मी म्हटलं बघू काका. माझं बघू म्हणजे नाही, हे त्यांना गेल्या वर्षीपासून माहितीये.

सामान: जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येते तो मोठा कॅमेरा), त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स, ५० ची एक, भावाची २५०ची झूम (उसनी आणलेली), पोलरायझर फिल्टर (चमक कमी-जास्त करणारी फिरती काच), फोन आणि एक जुनी योगा मॅट. मॅट सगळ्यात महत्त्वाची, कारण गुडघे माझे आहेत.

६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळी सहाला राजवाडा. रात्री मस्त पाऊस झालेला, चौकात दुकानं बंद, झाडू मारणारे सोडले तर कोणी नाही. एक डबकं मिळालं, जेमतेम मीटरभर लांब. उभं राहून बघितलं तर त्यात फक्त आकाश. मॅट टाकून आडवी झाले, कॅमेरा जमिनीला टेकवला, आणि सातही मजले त्या मीटरभरात! खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी ना, पाण्यात क्रम फिरतो, लाकडाचे मजले आपल्या जवळ येतात आणि दगडाचे लांब जातात. समोर रोज बघतो तो वाडा, पण असा नाही बघितलेला.

हे का होतं ते घरी येऊन कागदावर काढलं, कारण भाचा विचारत होता आणि मला पण नीट सांगता येईना. पाण्याकडे तुम्ही जितक्या कोनातून खाली बघता तितक्याच कोनातून वरचं दिसतं, बास. उभ्या माणसाचे डोळे दीड मीटरवर धरा, डबकं दोन मीटरपासून तीन मीटरपर्यंत. मग नजर खाली जाते ३७ ते २७ अंशांनी, म्हणजे दिसणार ते तेवढंच वरचं, ढग आणि फार तर विजेची तार. आता लेन्स पाण्यापासून पाच सेंटीमीटर वर ठेवा आणि डबकं दहा सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत धरा. आता कोन २७ पासून थेट ३ अंशांपर्यंत! चाळीस मीटर लांब असलेली वीस मीटर उंच इमारत जवळपास पायापासून टोकापर्यंत मावते. आख्खं शहर रोज डबक्यांवरून चालतं आणि कोणाला काही दिसत नाही त्याचं कारण एवढंच, आपण उंच आहोत.

फोनने तर आणखी खाली जाता येतं, फोन उलटा धरायचा म्हणजे लेन्स खालच्या कोपऱ्यात येते आणि पाण्यापासून एक-दोन सेंटीमीटरवर बसते. डीएसएलआरची लेन्सच एवढी जाडी आहे की तिचा मध्य तितका खाली जातच नाही. म्हणून सांगते, भारी कॅमेरा नाही म्हणून अडून बसू नका, या कामात फोन पुढे आहे.

एक पोहेवाला ठेला लावत होता, त्याने विचारलं "क्या हुआ दीदी, कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं हां भिया, राजवाडा.

१३ जुलै

फोकसचा दिवस. बाहेर धो धो, म्हणून गॅलरीत बादली, परात, लोटा, भाच्याची सायकल.

सपाट पाण्यात फोकस पाण्यावर करायचा नसतो. पाणी हातभर अंतरावर असलं तरी त्यातली इमारत तिच्या स्वतःच्या अंतरावरच असते, चाळीस मीटर तर चाळीस मीटर, त्यात पाण्यापर्यंतचं आपलं अंतर वाढवा. त्यामुळे इमारत शार्प केली की पाण्यावरचं पिंपळाचं पान धूसर होतं, पान शार्प केलं की इमारत विरघळते. एफ १६ पर्यंत गेलं (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक केलं) तरी ५० च्या लेन्सने दोन्ही येत नाही, १८ वर पान जरा लांब असेल तर येतं.

पण लोटा, सायकलची घंटी, स्कूटरचा बाहेर फुगलेला साइड मिरर, गाडीचं बॉनेट, हे सगळं उलटं वागतं. फुगीर आरशात कितीही लांबची वस्तू त्याच्या पाठीशी अगदी जवळ छोटी होऊन बसते, म्हणून तिथे फोकस जवळचाच लागतो आणि लोट्यावरचे ओरखडे आणि समोरची बिल्डिंग दोन्ही एकदम शार्प. भाच्याला हे फार आवडलं. त्याने स्टीलच्या डब्यात, पेल्यात, कुकरच्या झाकणात स्वतःचे इतके फोटो काढले की बहिणीने शेवटी फोन काढून घेतला.

२० जुलै

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे नदीकाठची होळकरांची घुमटवाली स्मारकं. ही नोंद मोठी होणारे.

पुलावरून शूट केलं, सकाळी, वारा नव्हता. कान्ह नदीला इंदूरकर अजूनही नाला म्हणतात, आणि २०२१ मध्ये शहराला देशातलं पहिलं वॉटर प्लस सर्टिफिकेट (सांडपाणी शुद्ध करूनच सोडण्याबद्दलचं) मिळालं तरी पाणी काही निळंशार नाहीये, काळपट हिरवं आहे. पण फोटोवाल्यांसाठी एक गंमत, काळं पाणी आरसा म्हणून जास्त चांगलं. स्वच्छ उथळ पाण्यात तळाचा उजेड पण वर येतो आणि प्रतिबिंबात मिसळतो, फिकं होतं सगळं. इथे तळ दिसतच नाही, त्यामुळे छत्र्यांचा दगड पाण्यात गडद आणि भरीव येतो. नदी घाण असावी असं मी म्हणत नाहीये, पण आहे ते आहे.

आता मुख्य गोष्ट. स्क्रीनवर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा शेजारी शेजारी लावून बघितलं तर ते एकमेकांची कॉपी नाहीयेतच! पुलावरून समोरून बघताना छत्रीचा छज्जा वरून किंवा फार तर बरोबरीने दिसतो, आणि पाण्यात त्याच छज्ज्याची खालची बाजू दिसते, आधाराचे दगड, कमानीच्या आतलं कोरीवकाम, घुमटाचं पोट. आणि ओट्यावर जरा आत एक आजोबा बसले होते पेपर घेऊन, ते वरच्या अर्ध्यात आहेत, पाण्यात नाहीयेत. ओट्याच्या काठाने त्यांना झाकलंय.

कारण साधं आहे, पाण्यातलं चित्र म्हणजे पाण्याखालून काढलेला फोटो. मी पाण्याच्या वर सहा मीटर उभी असेन तर पाण्यात दिसतं ते सहा मीटर खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसलं असतं तसं. एका फ्रेममध्ये दोन कॅमेरे, एक वरचा एक खालचा, त्यांच्यात बारा मीटरचा फरक. मी जितकी वर चढेन तितका फरक वाढतो, पाण्याला टेकले की फरक जवळपास संपतो आणि मग खरंच पत्त्यातल्या राजासारखं दोन्हीकडून सारखं दिसतं. फोनमधलं खोटं पाणी ओळखू येतं ते इथेच, ते बिचारं वरचीच कॉपी उलटी चिकटवतं, आजोबांसकट पेपरसकट.

आणि म्हणून काकांचं उलटं टांगणं मला नकोय. फिरवून लावलं की बघणारा फक्त "अरे हे उलटं आहे" एवढंच शोधतो, सापडलं की पुढे जातो. मला त्याने वर बघून मग खाली बघावं, आणि खाली काहीतरी वेगळं आहे हे त्याच्या लक्षात यावं असं वाटतं. त्यासाठी पाणी हे पाणी आहे हे दिसलं पाहिजे, काठ, तरंगणारा झेंडूचा हार, थोडा शेवाळ, काहीतरी. आरशाची कड कापली तर आरसा उरतच नाही.

एक्सपोजर: प्रतिबिंब मुळापेक्षा एक ते दोन स्टॉप काळं येतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आकाशाकडे बघून मीटर केलं, म्हणजे उजेड मोजला, तर खालचा भाग डांबर. मी छत्र्यांवर मीटर करून आकाश थोडं जळू दिलं, सकाळी ढगाळ होतं त्यामुळे निभावलं.

३ ऑगस्ट

एबी रोड, विजयनगरच्या बाजूच्या काचेच्या इमारती. एका ऑफिसच्या गार्डने हटकलं, रस्त्यावर उभी होते तरी, सोडा.

काचेच्या इमारतीत समोरची इमारत सरळ दिसत नाही, लाटा येतात, प्रत्येक खिडकीत वेगळी. टफन केलेली काच भट्टीत रोलरवरून जाताना तिला बारीक लाट पडते, शिवाय दोन काचांमध्ये हवा बंद केलेली असते ती उन्हाने फुगते, थंडीने आकसते, त्यामुळे काच किंचित फुगीर किंवा खोलगट होते. डोळ्याला कळत नाही पण त्यातलं प्रतिबिंब लगेच चुगली करतं. मला हे पाण्यापेक्षा आवडायला लागलंय की काय अशी शंका आली, एका इमारतीत जुना वाकलेला कडुनिंब पंचवीस तुकड्यांत होता.

पोलरायझरबद्दल: लोक म्हणतात याने प्रतिबिंब जातं, मग या प्रोजेक्टला कशाला? एक तर जातं ते ठरावीक कोनातच, काचेला साधारण ५६ अंश, पाण्याला ५३ (हे कोन पृष्ठभागापासून नाही, त्याच्या काटकोनातल्या रेषेपासून मोजायचे), सरळ समोरून बघितलं तर फिल्टर फिरवून काही होत नाही. आणि दुसरं, तोच फिल्टर त्या जागेपासून नव्वद अंश फिरवला की उलट होतं, पाण्याखालून येणारा उजेड जास्त कापला जातो आणि प्रतिबिंब त्या मानाने उठून येतं. दीड-दोन स्टॉप उजेड मात्र खातो, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवावा लागतो. धातूवर, म्हणजे परातीवर वगैरे, याचा फारसा उपयोग नाही.

१० ऑगस्ट

आईला घेऊन काच मंदिर, इतवारिया बाजार. सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं, भिंती, खांब, छत, जमीन सगळं काच. आत फोटो नाही काढायचे त्यामुळे कॅमेरा बॅगेत, आणि खरं सांगू का, बरं झालं. समोरासमोरच्या आरशांत मूर्तींची रांग लांबपर्यंत जाते, प्रत्येक पुढची थोडी काळोखी आणि थोडी हिरवट. साध्या काचेतल्या लोखंडाच्या अंशाने हिरवा सोडून बाकीचे रंग जरा जास्त शोषले जातात, एका फेरीत कळत नाही, वीस फेऱ्यांत कळतं. आई म्हणाली "लहानपणी आम्ही इथे किती मूर्ती दिसतात ते मोजायचो, दर वेळी वेगळा आकडा यायचा."

बाहेर आल्यावर गल्लीत पाणी साचलेलं होतं, काढला एक, ठीक आलाय.

१७ ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली नाही, फाइली लावत बसले. मध्येच जुने फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांच्याबद्दल वाचलं. १८६६ मध्ये ते इथेच, इंदूरला, सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, कॅमेरा त्यांनी हातात घेतला तो इंदूरलाच, आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांचा पाठिंबा होता. पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले. तेव्हाच्या ओल्या काचेच्या प्लेटला कित्येक सेकंद उजेड द्यावा लागायचा, म्हणजे त्या पद्धतीत वाहतं पाणी दुधासारखंच येणार, तरंग वगैरे काही उमटणारच नाही. आज आपण मुद्दाम एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) लावून पैसे देऊन तेच करतो! मी छत्र्यांवर आठ सेकंद करून बघितलंय, तरंग जातात हे खरं, पण प्रतिबिंब नीट होत नाही, उभं लांबट पुसलं जातं. वाऱ्याने हललेलं पाणी लांब एक्सपोजरने शांत दिसतं पण आरसा होत नाही. आरसा पाहिजे तर वारा थांबायची वाट बघणे, दुसरा उपाय नाही.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

झाँकीची रात्र. बाहेरच्यांसाठी: इंदूरच्या कापड गिरण्यांचे कामगार अनंत चतुर्दशीला रोषणाईचे चित्ररथ काढतात, परंपरा शंभरेक वर्षांची. गिरण्या बंद पडून जमाना झाला, हुकुमचंद मिल तर १९९१ लाच, पण झाँक्या निघतातच. रात्रभर. आमच्या लहानपणी बाबा खांद्यावर घेऊन उभे राहायचे, आता भाचा माझ्या खांद्यावर मावत नाही, तो ट्रायपॉड सांभाळायला.

जेल रोडवर जागा धरली. रस्ता ओला पाहिजे होता आणि होता. झाँकी समोरून गेली की ओल्या डांबरावर लाल-हिरवे पट्टे उभे ओढले जातात, कारण डांबर खडबडीत, प्रत्येक खड्याचा कोन वेगळा, त्यामुळे एका बल्बचा एक ठिपका न येता आपल्या दिशेने लांब पट्टा येतो. इथे आकार मिळत नाही, रंग मिळतो. मग मी झाँकी फ्रेममधून काढूनच टाकली, फक्त रस्ता, चपला, पाय, आणि पट्टे. एक फ्रेम अशी आहे की पोलीसदादांचा बूट निळ्या पट्ट्यात आहे आणि बाजूला छोट्या मुलीच्या चमकणाऱ्या सँडल, ती पहिल्या बारात नक्की.

तांत्रिक: एलईडी माळा लुकलुकतात, फास्ट शटरला अर्ध्या माळा विझलेल्या येतात. १/५० किंवा त्याच्यापेक्षा स्लो ठेवलं की सगळ्या येतात. आयएसओ १६००, एफ २.८. गर्दीत जमिनीवर कॅमेरा ठेवणं शक्य नव्हतं, फोन काठीला लावून खाली सोडला.

७ सप्टेंबर

खग्रास चंद्रग्रहण. ग्रुपवर सगळ्यांचं चाललेलं की तलावात लाल चंद्राचं प्रतिबिंब घेऊ. मी जायला नाही म्हटलं, आणि कारण हिशोबाचं आहे. रात्री अकरा ते सव्वाबाराच्या खग्रासात इंदूरला चंद्र जवळपास साठ अंश वर असणार, म्हणजे पाण्याकडे पण साठ अंश खाली, जवळपास पायाशीच बघायला लागणार. आणि इतक्या उभ्या कोनात पाणी शंभरातला साधारण दोनच भाग उजेड परत पाठवतं, साडेपाच स्टॉप गेले. ग्रहणातला चंद्र मुळात काळवंडलेला. शिवाय क्षितिजावरचा तलावकाठ, झाडं त्या फ्रेममध्ये येणारच नाहीत. पौर्णिमेचा उगवता चंद्र घ्या, तो आडवा येतो, तेव्हा पाणी खरंच आरसा असतं, नजर पाण्याला पाचच अंशांवर असेल तर निम्म्याहून जास्त उजेड परत येतो.

गच्चीतून बघितलं ढगांच्या फटीतून, घरातले सगळे. बाबांनी ग्रहणात जेवायचं नाही म्हणून आधीच जेवून घेतलेलं, आणि मग साडेअकराला भूक लागली त्यांनाच.

२८ सप्टेंबर

सिरपूर. होळकरांच्या वेळचा तलाव, २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी). पहाटे पोचले, पाणी काचेसारखं, कमळपक्षी, अडई, जांभळी पाणकोंबडी, आणि मला पाहिजे होते ते शेकाटे. शेकाट्याचे पाय त्याच्या अंगाच्या मानाने इतके लांब की पाण्यातले पाय जोडले की आकृतीच तयार होते, पक्षी राहतो बाजूला. पण त्यासाठी कॅमेरा पाण्याच्या पातळीला हवा, काठावर उभं राहून घेतलं की पाय पाण्यात तुटल्यासारखे येतात. मॅट चिखलात गेली ती गेली.

पक्ष्यांना एक लक्षात ठेवायचं, फोकस डोळ्यावर आणि डोळा फ्रेमच्या वरच्या भागात, कारण खाली तेवढीच जागा पाण्यातल्या डोक्याला पाहिजे. सवयीने पक्षी मध्ये ठेवला की पाण्यातलं डोकं कापलं जातं, आणि मग क्रॉप करून पण जोडता येत नाही.

साडेसातला वारा सुटला, संपलं. थोडा वारा मात्र वाईट नाही, बारीक तरंगात पांढऱ्या बगळ्याचं प्रतिबिंब आपल्या दिशेने लांब ताणलं जातं, आडवं पसरत नाही. जेल रोडच्या डांबरावर जे झालं तेच, फक्त इथे खड्यांच्या जागी तरंग.

१२ ऑक्टोबर

यशवंत सागर. गंभीर नदीवरचं हे धरण सारसांसाठी ओळखलं जातं. जोडी दिसली, लांब, शेतातल्या साचलेल्या पाण्यात. २५० ची लेन्स कमीच पडते, जवळ जायचं नाही हे आधीच ठरलेलं. प्रतिबिंब अर्धंच आलं, भाताच्या खुंटांनी कापलेलं. मला चाललं, खुंट आहेत म्हणून पाणी आहे हे कळतं. भाचा म्हणाला "मावशी, हा फोटो कोणालाच कळणार नाही." बघू.

१५ ऑक्टोबर

निवड झाली. राजवाड्याचं डबकं, छत्र्या (आजोबांवाला), कडुनिंबाचे तुकडे, जेल रोडचे बूट-सँडल, शेकाटे, सारस, लोटा, बाकीचे किरकोळ बदल होतील.

काका आज घरी आले चहाला. छत्र्यांचा प्रिंट टेबलावर ठेवला, काही बोलले नाहीत, मग बोट ठेवून म्हणाले "हे पेपरवाले गृहस्थ पाण्यात कुठे गेले?" मी फक्त चिवडा पुढे केला. उलटं टांगायचा विषय त्यांनी काढला नाही, मी पण नाही. पण फ्रेमवरून वाद झालाच. त्यांना काच पाहिजे, धूळ बसते म्हणून. मी म्हटलं हॉलमधल्या ट्यूबलाइट आणि समोरची खिडकी सगळी काचेत येणार, गडद फोटो असतील तर जास्तच. शेवटी मॅट पेपर (न चकाकणारा), फ्रेम बिनकाचेची, आणि लहान मुलांचे हात लागू नयेत म्हणून समोर दोरी, यावर मिटलं. दोरी काका आणणार.

छपाईवाल्याला उद्या फाइली द्यायच्या. सावल्या अर्धा स्टॉप उचलून, कारण मॅट पेपरवर काळं स्क्रीनपेक्षा जास्त बुजतं आणि छत्र्यांच्या छज्ज्याखालचं कोरीवकाम तिथेच आहे. आधी एक छोटा टेस्ट प्रिंट मागायचा. कॅप्शन मराठीत आणि हिंदीत, शेजारचे सगळे येतात. भाच्याचा कुकरचं झाकण फोटो बारावा म्हणून घ्यायचा का, हे बहिणीला विचारून ठरवते.